डीसी सेफ आहे का? आधी सांगा कुठलं डीसी आणि किती वाजता

दरवर्षी मार्च आला की मला हा प्रश्न येतोच, वॉशिंग्टन डीसी, म्हणजे अमेरिकेची राजधानी, फिरायला सेफ आहे का. चेरी ब्लॉसमचे फोटो बघून कुणीतरी तिकिटं काढतं आणि मग दोन दिवसांनी त्याच माणसाचा घाबराघुबरा मेसेज, अरे वॉशिंग्टनमध्ये म्हणे मिलिटरी उतरवली होती, भर रस्त्यात गाड्या हिसकावतात म्हणे, आम्ही म्हातारी माणसं घेऊन यावं का नाही. मी पोटोमॅक नदीच्या या बाजूला, म्हणजे व्हर्जिनियात राहतो, सोळा वर्षं झाली, त्यातली बरीचशी वर्षं रोज मेट्रोने पलीकडे डीसीत कामाला जायचो, त्यामुळे लोकांना वाटतं हा एका शब्दात सांगेल, हो किंवा नाही. तसं सांगता येत नाही हो. म्हणून एकदा बैजवार लिहून काढतो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

पहिलं म्हणजे नकाशा समजून घ्या, कारण अर्धी भीती नकाशा न कळल्यामुळे असते. कॅपिटॉल, ती पांढऱ्या घुमटाची संसदेची इमारत, तिथून शहराचे चार भाग पाडलेत, नॉर्थवेस्ट, नॉर्थईस्ट, साउथवेस्ट आणि साउथईस्ट. रस्त्यांचे नंबर सगळीकडे तेच. म्हणजे चौथी स्ट्रीट चारही भागात आहे, आणि पत्त्याच्या शेवटी भागाची दोन अक्षरं (नॉर्थवेस्टचं एनडब्ल्यू, साउथईस्टचं एसई) लिहायला विसरलात तर तुम्ही भलतीकडेच पोचता. माझा एक मित्र नवीन असताना टॅक्सीच्या ॲपमध्ये एनडब्ल्यू ऐवजी एसई टाकून बसला होता, पोचला तर समोर हॉटेलच्या जागी चर्च आणि एक आजी झाडू मारत होत्या. काही झालं नाही, आजींनीच त्याला बसस्टॉप दाखवला, पण जेवणाला तासभर उशीर झाला.

चार भाग सारखे नाहीत. नॉर्थवेस्ट सगळ्यात मोठा, व्हाइट हाऊस, बरेचसे दूतावास, जॉर्जटाउन, मोठी ऑफिसं सगळं तिथंच. टूरिस्ट लोक फिरतात तो भाग म्हणजे नॅशनल मॉल आणि त्याच्या आजूबाजूचा पट्टा, लिंकन मेमोरियलपासून कॅपिटॉलपर्यंत साधारण दोन मैल. या पट्ट्यात पोलीस किती प्रकारचे आहेत हे मोजायला गेलात तर चक्रावून जाल, शहराचे मेट्रोपॉलिटन पोलीस वेगळे, मॉलवर पार्क पोलीस वेगळे, कॅपिटॉलचे वेगळे, मेट्रो रेल्वेचे वेगळे, व्हाइट हाऊसभोवती सीक्रेट सर्व्हिसवाले वेगळे. एवढे वर्दीवाले असलेली दोन मैलांची पट्टी जगात फार कमी शहरांत असेल.

आता नदी. डीसीची म्हणून सगळ्यांना पोटोमॅक माहिती असते, पण शहर समजून घ्यायचं तर दुसरी नदी महत्त्वाची, अ‍ॅनाकोस्टिया. इथले लोक नुसतं 'नदीपल्याड' म्हणाले तरी समोरच्याला कळतं कुठली नदी आणि कुठली बाजू ते. शहराचे आठ वॉर्ड आहेत, त्यातले सातवा आणि आठवा बहुतांश नदीपल्याड, आणि शहरातल्या खुनांपैकी निम्म्याहून जास्त या दोन वॉर्डांत होतात. व्हाइट हाऊस ज्या पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर आहे ना, तोच रस्ता कॅपिटॉल ओलांडून पुढे नदीवरून पलीकडे जातो. रस्त्याचं नाव तेच राहतं, पण पुलाच्या अलीकडचं आणि पलीकडचं आयुष्य पार वेगळं. पलीकडे मोठी किराणा दुकानं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच, आणि शहराचं सरकारी हॉस्पिटल, डीसी जनरल, नदीच्या अलीकडच्या काठावर होतं, तेही २००१ मध्ये बंद केलं, मग गोळी लागलेल्या माणसाला पूल ओलांडून आणखी लांब न्यायला लागायचं, २०२५ च्या एप्रिलमध्ये कुठं पलीकडे नवीन हॉस्पिटल चालू झालं.

२०२३ हे अलीकडचं सगळ्यात वाईट वर्ष, २७४ खून झाले. शहराची वस्ती पावणेसात लाखांच्या आसपास, म्हणजे लाखामागे ४० खून, आकडा भयंकरच आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण तो आकडा शहरावर सारखा पसरलेला नसतो, लोणी पावावर पसरतो तसा. शहरानेच करून घेतलेल्या एका अभ्यासात असं निघालं की गोळीबाराच्या घटनांपैकी ६० ते ७० टक्के घटनांमागे एका वेळी जेमतेम २०० माणसं असतात, ज्यांची नावं पोलिसांना माहिती असतात, बरेचदा आधी अटक झालेली, आणि मरणारेही पुष्कळदा त्यांच्यातलेच. गल्लीगल्लीतल्या टोळक्यांची भांडणं, इन्स्टाग्रामवरून दिलेले टोमणे, मग बदला, मग त्या बदल्याचा बदला. वॉशिंग्टन मोनुमेंटच्या उंच मनोऱ्यासमोर आईस्क्रीम खात उभ्या असलेल्या तुमच्या काकांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. हे मी नदीपल्याडच्या लोकांचं दुःख कमी लेखायला सांगत नाहीये, उलट तिथल्या आईला रोज पोराची काळजी असते आणि आपण दोन दिवसांच्या ट्रिपसाठी चिंता करत बसतो, एवढंच.

आता हे असं झालं कसं, तर थोडं मागे जायला लागेल, इतिहास म्हटलं की लोक पळतात पण याशिवाय काही कळणार नाही. १९५० मध्ये डीसीची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. त्या दशकात सरकारने ठरवलं की साउथवेस्टची जुनी वस्ती म्हणजे झोपडपट्टी आहे, पाडून टाकू, केस सुप्रीम कोर्टात गेली, १९५४ मध्ये सरकार जिंकलं आणि बुलडोझर फिरले. साधारण २३,००० माणसं उठवली, बहुतेक काळी, गरीब. ती गेली कुठं, तर बरीचशी नदीपल्याड. त्याच काळात शाळांतला वर्णभेद कायद्याने संपला आणि गोरी कुटुंबं भराभर व्हर्जिनिया-मेरीलँडच्या उपनगरांत निघून गेली, त्यांच्याबरोबर त्यांचा टॅक्सही गेला.

मग १९६८. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली, बातमी आली आणि चौदावी स्ट्रीट आणि यू स्ट्रीटच्या नाक्यावरून दंगल पेटली. चार दिवस चालली, डझनभर माणसं गेली, हजाराहून जास्त इमारती जळाल्या, १३,००० पेक्षा जास्त सैनिक रस्त्यावर आले. चौदावी स्ट्रीट, सातवी स्ट्रीट आणि एच स्ट्रीट, काळ्या लोकांच्या धंद्यापाण्याचे तीन मुख्य रस्ते, ते जळाले. आणि नुसते जळाले नाहीत तर पुढं वीस-तीस वर्षं तसेच पडून राहिले, कारण विमा कंपन्या विमा देईनात, बँका कर्ज देईनात, आणि ज्यांची दुकानं होती ते परत यायला तयार नव्हते. माझ्या ऑफिसात एक जुने काळे गृहस्थ होते, इथंच जन्मलेले, ते सांगायचे की आमच्या लहानपणी एच स्ट्रीटवर फळ्या ठोकलेली दुकानं हेच आम्हाला नॉर्मल वाटायचं, दुकानाला काच असते हे दुसरीकडे गेल्यावर कळलं.

अशा रिकाम्या रस्त्यांवर ऐंशीच्या दशकात क्रॅक आलं. क्रॅक म्हणजे कोकेनचाच स्वस्त, ओढायचा प्रकार, पाच-दहा डॉलरची पुडी, विकायला कोपरा लागतो आणि कोपऱ्यासाठी पोरं एकमेकांना मारतात. १९९१ मध्ये खुनांचा आकडा ४८० च्या आसपास गेला, तेव्हा डीसीला अमेरिकेची मर्डर कॅपिटल म्हणायचे. तुमच्या ओळखीच्या कुणी नव्वद साली डीसी बघितलं असेल आणि अजून घाबरवत असेल तर तो हे डीसी आठवतोय. कळस म्हणजे जानेवारी १९९० मध्ये खुद्द महापौर मॅरियन बॅरी यांना एफबीआयने हॉटेलच्या खोलीत क्रॅक ओढताना कॅमेऱ्यावर पकडलं, सहा महिने जेल झाली, आणि बाहेर येऊन १९९४ ला ते परत निवडून आले! बाहेरच्यांना हा जोक वाटतो. पण नदीपल्याडच्या लोकांना विचारा, ज्या पिढीला पहिली सरकारी नोकरी, पोरांना पहिली समर जॉब बॅरींमुळे मिळाली ती पिढी त्यांना सोडायला तयार नव्हती.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे जी आपल्याकडच्या लोकांच्या लक्षातच येत नाही. डीसी राज्य नाही. स्वतःचा महापौर निवडायचा हक्कसुद्धा १९७३ च्या होम रूल कायद्याने मिळाला, त्यातही काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वरून दोरी धरून ठेवलेली आहे. नव्वदच्या दशकात शहराचं दिवाळं निघायची वेळ आली तेव्हा काँग्रेसने १९९५ मध्ये एक कंट्रोल बोर्ड बसवलं, म्हणजे घरात सासूने तिजोरीची किल्ली काढून घ्यावी तसं. आणि सगळ्यात गंमत म्हणजे बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या पगारावर शहराला टॅक्स लावता येत नाही, कायद्यातच मनाई आहे. म्हणजे मी इतकी वर्षं डीसीचे रस्ते वापरले, डीसीच्या पोलिसांनी मला सांभाळलं, आणि पगारावरचा राज्याचा टॅक्स भरला व्हर्जिनियाला. माझ्यासारखे लाखो आहेत. मग आम्हीच संध्याकाळी घरी जाऊन म्हणतो, डीसीची वाट लागली राव.

गुन्हेगारीत ही विचित्र व्यवस्था फार नडते. पोलीस महापौरांचे, पण अठराच्या वरच्या माणसाने गुन्हा केला तर केस चालवायची की नाही हे ठरवतो यूएस अ‍ॅटर्नी, म्हणजे केंद्राचा सरकारी वकील, तो राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला. अठराच्या आतलं पोरगं असेल तर बहुतेक वेळा शहराचा वकील. न्यायाधीश परत राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे, सिनेटने मान्य करायचे, त्यामुळे जागा रिकाम्या राहतात. शिक्षा झाली की कैदी जातो केंद्राच्या तुरुंगात, कधी शेकडो मैल लांब. एका चोराच्या मागे चार साहेब, त्यामुळे काही बिनसलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबरच असतं.

मधली वर्षं चांगली गेली. २०१२ मध्ये खून ८८ वर आले, जळालेल्या त्याच चौदाव्या स्ट्रीटवर आणि एच स्ट्रीटवर कॉफीची दुकानं आणि लाख लाख डॉलर पगारवाल्यांचे फ्लॅट आले, शहराची लोकसंख्या २००० साली ५,७२,००० होती ती २०२० ला ६,८९,००० झाली. जुन्या लोकांना भाडी परवडेनात म्हणून तेही निघाले, हा वेगळाच विषय आहे, त्यात शिरत नाही.

मग कोविड, आणि एकाच वेळी पाच-सहा गोष्टी बिघडल्या. शाळा बंद, आणि उघडल्यावरही पोरं परतलीच नाहीत, दहातली चार मुलं इतकी गैरहजर की शाळा त्यांना सतत गैरहजर म्हणून धरते. पोलिसांची भरती आटली, ३,८०० चे ३,३०० च्या आसपास आले. त्यात २०२१ मध्ये शहराच्या फॉरेन्सिक लॅबची मान्यताच गेली, म्हणजे बोटांचे ठसे, काडतुसं, डीएनए यांचे रिपोर्ट बाहेरून करून घ्यायचे, वेळ जातो, साक्षीदार पांगतात. २०२२ च्या आर्थिक वर्षात पोलिसांनी पकडलेल्या अठराच्या वरच्या माणसांपैकी ६७ टक्के लोकांवर केसच दाखल झाली नाही. हे गल्लीतल्या पोरांना कळायला वेळ लागत नाही. आणि बंदुका म्हणाल तर शहरात कायदा कडक आहे पण नदीच्या या बाजूला व्हर्जिनियात तसा नाही, पूल तर दहा मिनिटांचा.

याच काळात कारजॅकिंगचं पेव फुटलं. २०२३ मध्ये ९५९ झाली, म्हणजे दिवसाला दोन-अडीच. कारजॅकिंग म्हणजे पार्क केलेली गाडी चोरणं नाही, तुम्ही गाडीत असताना किंवा दार उघडत असताना बंदूक दाखवून किल्ली घेणं. पकडलेल्यांत जवळपास तीनातले दोघं अठराच्या आतले, गाडी विकायला घेतलीय असंही नाही बरेचदा, फिरवतात, व्हिडिओ टाकतात आणि सोडून देतात, किंवा त्याच गाडीतून दुसरा गुन्हा करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द एका खासदाराची, टेक्सासचे हेन्री क्वेयार यांची गाडी नेव्ही यार्ड भागात रात्री साडेनऊला हिसकावली, त्यांना खरचटलंही नाही, गाडी सापडली पण. त्याच्या बरोबरीने त्या काही जुन्या किया आणि ह्युंदाई गाड्या, ज्यांत इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय गाडी चालू होऊ न देणारं यंत्र) नव्हता आणि यूएसबीच्या वायरने चालू करायचे व्हिडिओ पोरांनी फिरवले, त्या ढिगाने चोरीला गेल्या. शहराने शेवटी लोकांना फुकट स्टिअरिंग लॉक आणि नंतर गाडी कुठं आहे ते फोनवर दाखवणारे एअरटॅग वाटले.

आता डाउनटाउनची गोष्ट, कारण लोक जे बघून घाबरतात ते खरं म्हणजे हे आहे. माझं ऑफिस फॅरागट स्क्वेअरजवळ होतं. कोविडच्या आधी दुपारी बारा वाजता त्या चौकात फूड ट्रकची अशी रांग असायची की वासानेच पोट भरावं, फलाफल, बिर्याणी, टाको, आणि बाकावर जागा मिळायची नाही. मार्च २०२० ला ऑफिसं बंद झाली आणि लोक घरून काम करायला लागले ते बरेचसे परत आलेच नाहीत. मी दीड वर्षाने गेलो तेव्हा माझं सॅलडचं दुकान बंद, बूट पॉलिशवाला नाही, केस कापायचं दुकान बंद, काचेवर आतून तपकिरी कागद लावलेला. आजही डाउनटाउनमधल्या ऑफिसांच्या जागेपैकी साधारण पाचवा हिस्सा रिकामा आहे. दुपारचं गिऱ्हाईक गेलं की दुकान जातं, दुकान गेलं की रात्रीचा उजेड जातो, मग रस्त्यावर उरतात ती बेघर माणसं, जी आधीही होतीच पण गर्दीत दिसायची नाहीत. युनियन स्टेशन, १९०७ मधली इतकी देखणी इमारत, तिथली कॉफीची आणि खाण्याची दुकानं एकेक करून उठली. गॅलरी प्लेस-चायनाटाउनच्या मेट्रोबाहेर गांजाचा धूर, पोरांचे घोळके, बंद दुकानं, एवढं झालं की २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या स्टेडियमच्या मालकाने टीम घेऊन व्हर्जिनियात जायचं जाहीर केलं, आणि शहराने मार्च २०२४ मध्ये ५१.५ कोटी डॉलर देऊन त्याला थांबवलं.

इथं एक फरक मनात पक्का ठेवा. ओसाड वाटणं वेगळं आणि धोका असणं वेगळं. माणूस स्वतःशी बडबडतोय, कुणी तंबू ठोकलाय, पोरं मेट्रोच्या गेटवरून उड्या मारून फुकट जातायत, हे बघून आपल्या पोटात गोळा येतो, पण यातला कुणी तुमचं काही करणार असतो असं नाही. ज्याला खरंच चोरी करायची असते तो बडबडत नाही, तो फोनवर बघत शांत उभा असतो.

२०२४ मध्ये आकडे चांगलेच उतरले, खून १८७, कारजॅकिंग जवळपास निम्मी. लॅबच्या डीएनएसारख्या काही विभागांची मान्यता २०२३ च्या शेवटी परत आली होती, केसेस जास्त दाखल व्हायला लागल्या, कायदा जरा कडक केला, आणि देशभरातच त्या वर्षी उतार होता, श्रेय कुणाचं यावर इथं रोज भांडणं होतात. मग ३ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे सरकारी नोकरीतल्या एका तरुणाला कारजॅकिंगच्या प्रयत्नात पोरांनी मारहाण केली, त्याचे रक्ताळलेले फोटो व्हायरल झाले, आणि ११ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आणीबाणी म्हणून शहराचे पोलीस ३० दिवसांसाठी स्वतःच्या हाताखाली घेतले, नॅशनल गार्डचे, म्हणजे राखीव सैन्याचे, जवान आणले, पुढे ते २,००० च्या वर गेले. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती मिलिटरी हीच. पोलीस आकडे कमी करून दाखवतात असाही आरोप झाला, तो किरकोळ मारामारी-चोरीबद्दल खरा असूही शकतो, पण प्रेत लपवता येत नाही, म्हणून मी नेहमी खुनांचा आकडा बघतो. आणि जवान उभे कुठं केले, तर मॉलवर, युनियन स्टेशनला, मेट्रोच्या दारात, बरेचसे अशा जागी जिथं खून होतच नाहीत. मी स्वतः त्यांना बागेत कचरा उचलताना बघितलंय, बिचारे दुसऱ्या राज्यातून आलेले, टूरिस्टबरोबर फोटो काढत होते. त्यातल्याच दोघांवर २६ नोव्हेंबर २०२५ ला फॅरागट वेस्ट स्टेशनजवळ, माझ्या नेहमीच्या स्टेशनजवळ, गोळीबार झाला आणि एक तरुण मुलगी गेली. तो ठरवून केलेला हल्ला होता, त्याला रस्त्यावरच्या गुन्हेगारीत मोजू नका, पण त्या दिवसापासून त्या जिन्यावरून वर येताना मी डावीउजवीकडे बघतो हे खरं.

मग टूरिस्टला नक्की होतं काय? नव्व्याण्णव टक्के वेळा काहीच होत नाही, पाय दुखतात. उरलेल्यात पहिला नंबर गाडीची काच फोडून बॅग नेण्याचा. आमच्याकडेच झालंय. मावशी आली होती, म्युझियम बघून सरळ पुढं फिलाडेल्फियाला जायचं म्हणून सामान गाडीत, आणि मी शहाणा, मॉलपासून दोन रस्ते सोडून गाडी लावली, बॅगा डिकीत घातल्या पण तिथंच उभं राहून घातल्या, म्हणजे ज्याला बघायचं त्याने बघितलं असणार. मावशीची छोटी खांद्याची बॅग मागच्या सीटवर राहिली, वरून शाल टाकली होती तिने, दिसू नये म्हणून. शाल टाकलीय म्हणजे खाली काहीतरी आहे हे चोराला न कळायला तो काय खुळा आहे. तीन तासांनी आलो तर सीटभर काचेचे खडे, खडीसाखर सांडल्यासारखे, शाल नीट घडी तशीच आणि बॅग गायब. आत पैसे वीस डॉलर, पण तिच्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या महिनाभराच्या गोळ्या. पोलिसांचा रिपोर्ट ऑनलाइन अर्ध्या तासात झाला, काच दोन दिवसांत बसली, पण गोळ्यांसाठी डॉक्टर शोधून चिठ्ठी घेईपर्यंत जो जीव टांगणीला लागला ते विचारू नका. तेव्हा औषधं आणि पासपोर्ट अंगावर, आणि सामान डिकीत घालायचं तर निघतानाच घालायचं, पोचल्यावर नाही. इथले लोक तर गाडी लावताना पुढचा कप्पा मुद्दाम उघडा ठेवतात, बघ बाबा रिकामा आहे, काच फोडू नको.

दुसरं फोन. मेट्रोत दाराजवळच्या सीटवर बसून हातात फोन, दार बंद व्हायच्या क्षणी झटका, पोरगं बाहेर आणि तुम्ही आत, गाडी निघाली. आत बसा, दारापासून लांब. रस्त्यावर नकाशा बघायचा तर भिंतीला पाठ लावून किंवा दुकानात शिरून बघा. कुणी बंदूक दाखवून काही मागितलंच तर द्या, फोन, पाकीट, गाडी, काहीही, उगाच मर्दुमकी दाखवायची नाही. गाडीत मागे मूल असेल तर ते आधी ओरडून सांगा आणि मूल काढून घ्या.

वेळ फार महत्त्वाची. रात्री बारानंतर, जिथं बार सुटतात तिथं, म्हणजे यू स्ट्रीट, अ‍ॅडम्स मॉर्गन, एच स्ट्रीट, तिथं दंगा होतो, आणि तुम्ही साठीच्या आईबाबांना घेऊन रात्री एकला यू स्ट्रीटवर काय करताय हा माझा प्रश्न आहे. मेमोरियल्स रात्री बघा जरूर, लिंकनसमोर रात्री दहालाही लोक असतात, पण परत जाताना मॉलच्या अंधाऱ्या मैदानातून चालत स्टेशन गाठण्यापेक्षा तिथूनच टॅक्सी घ्या. हॉटेल शोधताना स्वस्त दिसलं की आधी पत्त्याची शेवटची दोन अक्षरं बघा आणि मेट्रो स्टेशन किती लांब ते बघा, किंवा सरळ आमच्या बाजूला आर्लिंग्टनमध्ये राहा, लोक तसंच करतात. ९११ ला फोन लागतो, बोलता येत नसेल तर टेक्स्ट पण करता येतो. पासपोर्ट गेला तर आधी पोलीस रिपोर्ट, मग मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूवरचा आपला दूतावास, समोर गांधीजींचा पुतळा आहे, चुकणार नाही.

मावशी गेल्या वर्षी परत आली. यावेळी तिला नदीपल्याड जायचं होतं, फ्रेडरिक डग्लस यांचं घर बघायला, सीडर हिल, तिच्या कुठल्याशा वाचनमंडळात त्यांच्याबद्दल बोलणं झालं होतं. गुलामीतून पळालेला हा माणूस १८७७ मध्ये डीसीचा यूएस मार्शल झाला, म्हणजे शहराच्या कायद्याचा एक मोठा साहेबच, आणि त्याच वर्षी त्याने अशा वस्तीत घर घेतलं जिथं काळ्यांना घर विकायचंच नाही असा नियम होता. मी बुकिंग केलं, सकाळी अकराची टूर, डब्ल्यू स्ट्रीट साउथईस्ट. टेकडीवरच्या त्या व्हरांड्यातून सगळं शहर दिसतं, घुमट, मोनुमेंट, मधली नदी. मावशी बराच वेळ बघत उभी होती, मग म्हणाली, हे तर हाकेच्या अंतरावर आहे रे. खाली रस्त्यावर शेजारचे एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी हात केला, तिने नमस्कार केला. गाडी जशी लावली होती तशीच होती, पण मावशीने बसायच्या आधी चारही काचांवरून बोट फिरवून बघितलं.